दीड रुपयाचा सिंहगड

सिंहगडाची किंमत एकदा दीड रुपया होती, आणि ती सरकारनंच ठरवली होती. १९८४ साली टपाल खात्यानं भारतातल्या किल्ल्यांची चार तिकिटं काढली. ग्वाल्हेर ५० पैशांना, वेल्लोर १ रुपयाला, सिंहगड दीड रुपयाला आणि जोधपूर २ रुपयांना. पुणेकराला हा भाव बघून आधी रागच येतो. जोधपूर आमच्यापेक्षा आठ आण्यांनी वरचढ? ज्या गडासाठी तानाजी मालुसरे पडले, त्याच्याहून? मग तिकीट तळहातावर घेतलं की राग जिरतो. एरवी ज्या गडावर दम लागेपर्यंत चढायचं, देवटाक्याचं पाणी प्यायचं, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन उतरायचं, तो अख्खा गड नखाएवढ्या दात्यांच्या चौकटीत मावलेला असतो.

खरं तर राग यायला हवा तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्या काळी साध्या पाकिटाला ५० पैसे पुरायचे. म्हणजे घराघरांत गेला तो ग्वाल्हेर. दीड रुपयाचं तिकीट रोजच्या पत्राच्या कामाचं नव्हतं. सिंहगड जाड पाकिटांवर आणि रजिस्टरवर बसला, किंवा थेट अल्बममध्ये. तिकिटांच्या जगात महागडी जागा मानाची खरी, पण फिरते ती स्वस्त जागा.

हे मला पहिल्यांदा उमगलं ते काकांच्या अल्बममध्ये. १५ ऑगस्ट १९४९ ला स्वतंत्र भारतानं रोजच्या वापरासाठी जी सोळा तिकिटांची माळ काढली, ती त्यांनी एकेक करून जमवली होती. देश नुकताच आपल्या हाती आलेला. पत्रावर राजाचं तोंड नको, मग काय हवं? तर लेणी, स्तूप, देवळं, घुमट, मिनार. ३ पैंवर अजिंठ्याचा हत्ती, ६ पैंवर कोणार्कचा घोडा, ९ पैंवर घारापुरीची त्रिमूर्ती, २ आण्यांवर नटराज, ३ आण्यांवर सांचीचं तोरण. मग चढत चढत विजापूरचा गोल घुमट, खजुराहोचं कंदरिया महादेवाचं देऊळ, अमृतसरचं सुवर्णमंदिर, चितोडचा विजयस्तंभ, लाल किल्ला. ताजमहाल ५ रुपयांना, कुतुबमिनार १० ला आणि पालिताण्याचं शत्रुंजय थेट १५ ला. देवळं पत्रावर आधीही आली होती. १९३५ च्या रौप्यमहोत्सवी तिकिटांवर गेटवे ऑफ इंडिया होता, रामेश्वर होतं, मंडालेचा पॅगोडासुद्धा होता. पण प्रत्येकाच्या शेजारी पंचम जॉर्ज ठाण मांडून बसलेला. १९४९ मध्ये राजाच उठून गेला आणि जागा मोकळ्या झाल्या.

आमच्या महाराष्ट्राच्या वाट्याला या माळेत आली ती खालची मोलं. अजिंठा आणि घारापुरी, दोन्ही आण्याच्या आतली. मला त्याचं वाईट वाटत नाही. पाच रुपयांच्या ताजमहालाला जीभ लावण्याची वेळ किती जणांवर आली असेल? अजिंठ्याचा हत्ती मात्र पैपैनं गावोगाव गेला. ज्यांनी फर्दापूरचा रस्ताही कधी पाहिला नाही, त्यांच्या उंबऱ्यावर तो पोस्टमनच्या पिशवीतून उतरला.

आणि हे सगळं छापलं जायचं आपल्या नाशिक रोडला. १९२५ साली तिथं सुरक्षा मुद्रणालय सुरू झालं आणि लंडनहून तिकिटं छापून आणणं थांबलं. कोणार्क काय, कुतुबमिनार काय, सगळ्यांचं माहेर नाशिक रोड. माहेरी एक घोटाळाही झाला. एक आण्याच्या हिरवट-निळ्या तिकिटावरची बोधिसत्त्वाची मूर्ती आरशात पाहिल्यासारखी उलटी छापली गेली. १९५० साली ती सुलटी करून तिकीट पुन्हा काढलं. काकांनी दोन्ही तिकिटं शेजारी शेजारी लावली होती आणि पाहुण्यांना विचारायचे, ‘‘यातला खरा कोणता?’’ पाहुणे भिंग घेऊन कागद, रंग, दाते तपासत बसायचे. मूर्तीकडे बघायचं कुणाला सुचत नसे.

तिकीट पाकिटावरून सोडवण्याचा काकांचा एक विधी होता. जाड पत्राचा कोपरा कापून तो तुकडा कोमट पाण्याच्या ताटलीत चित्र वर ठेवून सोडायचा. रंगीत पाकीट असेल तर वेगळी ताटली, नाहीतर त्याचा रंग बाकीच्यांना लागतो. थोड्या वेळानं डिंक सुटतो, तिकीट स्वतःच कागदावरून सरकतं. ओढायचं नाही. मग वर्तमानपत्रावर पालथं घालायचं, वर टिपकागद, वर मोल्सवर्थचा कोश. मोल्सवर्थचा माझ्या लहानपणी एवढाच उपयोग ठाऊक होता.

त्या ताटलीत परदेशही पोहायचे. सदाशिव पेठेत तेव्हा कुणाचा ना कुणाचा भाचा अमेरिकेत किंवा जर्मनीत असायचाच, आणि त्याच्या पत्राचा कोपरा मागायला आम्हाला लाज वाटत नसे. हेल्व्हेशियाचे बर्फाळ घाट, मग्यार पोस्टाचे पूल, सुओमीची तळी. ही नावं नकाशात शोधता शोधता भूगोल झाला. काही टीचभर देश मात्र भारी रंगीबेरंगी तिकिटं खास अल्बमवाल्यांसाठीच काढत आणि छापखान्यातच शिक्का मारून पाठवत. जुन्या बाजारात ती ढिगानं मिळायची. दिसायला झकास, पण पत्रावर एकदाही न बसलेली. मला ती तेव्हाही आवडली नाहीत.

माझ्या स्वतःच्या अल्बमात एक गंमत आहे. पुण्याच्या पानावर जागा कमी, माणसं जास्त. टिळक १९५६ चे. महर्षी कर्वे १९५८ चे, त्यांच्या शंभरीला आणि त्यांच्या हयातीत निघालेले. मग गोखले, महात्मा फुले, सावित्रीबाई, २००४ चे बाजीराव. पुणं बघायला येणाऱ्याला दाखवायचं काय, हा आमचा जुनाच प्रश्न. टपाल खात्यानं माणसं दाखवून तो सोडवला असं म्हणायचं. जागेच्या नावावर मिरवायला सिंहगड आहे. २०२५ साली युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. शिवनेरी, लोहगड, राजगड त्यात आहेत, सिंहगड नाही. तेव्हा माझे मित्र हळहळले. मी त्यांना दीड रुपयाचं तिकीट दाखवलं.

संग्राहकांत कोऱ्या तिकिटाला मान जास्त. डिंक शाबूत, दाते शाबूत, शिक्क्याचा डाग नाही. माझं मत उलटं आहे. प्रेक्षणीय स्थळाचं तिकीट शिक्का बसल्याशिवाय पुरं होत नाही. कोरा सिंहगड नाशिक रोडहून निघून पाकिटबंद राहिलेला असतो. शिक्क्याचा सिंहगड कुणाच्या तरी दारात जाऊन आलेला असतो, आणि शिक्क्यातलं अर्धवट गाव आणि पुसट तारीख भिंगाखाली लावत बसण्यात माझ्या कितीतरी दुपारी सुखात गेल्या आहेत.

आता खिडकीवर पत्र दिलं की बारकोडाची पांढरी पट्टी चिकटते आणि काम संपतं. काम संपतं हे खरं, तक्रार करण्यात अर्थ नाही. पण तिकिटं अजून निघतात आणि मागितली तर मिळतात. तेव्हा पुढच्या वेळी लक्ष्मी रोडला गेलात की खरेदी आटोपून सिटी पोस्टात शिरा, किंवा कँपातल्या जीपीओत जा. एखादा किल्ला, एखादी बारव, एखादं लेणं मागून घ्या आणि बाहेरगावच्या कुणाला तरी चार ओळी लिहून त्यावर लावा. शिक्का जरा हलक्या हातानं मारा, असंही खिडकीतल्या माणसाला सांगा. त्यावर उत्तर काय मिळेल, याची जबाबदारी माझी नाही.