वाढत्या अंगाचे

मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला त्याच्या नेमक्या मापाचा कपडा मिळतो तो बहुधा लग्नात. तोवर सारे काही ‘वाढत्या अंगाचे’! सदरा गुडघ्यापर्यंत, बाही बोटांच्या पुढे, आणि बुटाच्या टोकाशी कापसाचा बोळा. पुढच्या वर्षी बरोबर बसेल, या आशेवर चालू वर्ष काढायचे. आमच्या घरी ही रीत इतकी मुरली होती, की माप म्हणजे आज काय आहे ते नव्हे, उद्या काय होईल ते, असाच आम्हां भावंडांचा समज होता. तो समज तपासून पाहण्याची वेळ आली ती मात्र अमेरिकेत, आणि तीही मासे धरण्याच्या सामानाच्या दुकानात!

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. तीसएक वर्षे तो सिॲटलजवळ राहतो. पुण्याच्या आमच्या घरात मासा शिरला तो फक्त दशावतारांच्या तसबिरीत. पण दादाला तिकडे सॅमन माशाचे वेड लागले. वहिनी गेल्यापासून तर नदी हीच त्याची सोबत. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मी त्याच्याकडे गेले, तेव्हा त्याच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवाताने ठाण मांडले होते. जुने रीळ झिजलेले, नवे घ्यायचे होते. मुलगी म्हणत होती, “बाबा, आता पुरे.” दादा म्हणत होता, “घेईन तर मोठंच घेईन. नाहीतर सोडून देईन.” सोडून दिल्यावर शनिवार-रविवारचे काय करणार, हे कोणीच बोलत नव्हते.

अंगठ्याचा आणि रिळाचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. संक्रांतीला ज्याने फिरकी धरली आहे, त्याला तो चटकन कळेल. दादा वापरतो त्या जातीच्या रिळात, बेटकास्टिंग रिळात, गळ फेकला की फिरकी स्वतः गरगर फिरते आणि दोरा सुटत जातो. पुढे आमिष हवेत मंदावते. फिरकी मात्र आपल्याच तोऱ्यात. मग सैल दोऱ्याचा असा गुंता होतो, की तिकडचे लोक त्याला पक्ष्याचे घरटे म्हणतात. हे घरटे होऊ द्यायचे नसेल, तर फिरकीवर अंगठा हलकेच टेकवून ठेवावा लागतो. रिळात वेग आवरण्याची दुसरी साधने असतात. पण शेवटचा शब्द अंगठ्याचाच. एकलव्याकडून द्रोणाचार्यांनी नेमका अंगठाच का मागितला, ते मला त्या दिवशी नव्याने उमगले.

या यंत्राचे कुळही मौजेचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकीतल्या जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने असे दातेरी चाकांचे रीळ बनवले. स्वीडनची नामांकित आबू कंपनी १९२१ साली निघाली तीसुद्धा घड्याळे आणि टॅक्सीचे मीटर बनवण्यासाठी. रिळे मागाहून आली. वेळ मोजणाऱ्यांनीच हे यंत्र घडवले म्हणायचे!

दुकानातला विक्रेता सत्तरीचा, मितभाषी गृहस्थ. दादाने काचेतल्या सर्वांत मोठ्या रिळाकडे बोट दाखवले. त्याने ते काढले नाही. आधी विचारले, “नदी कोणती?” दादा म्हणाला, “स्कायकोमिश.” “मासा कोणता?” “कोहो.” मग तो म्हणाला, “आता हात दाखवा.” ज्योतिष्यापुढे धरावा तसा दादाने हात पुढे केला.

मग त्याने मला समजेल अशा बेताने सांगितले. या बसक्या घडणीच्या रिळांना १००, २००, ३००, ४०० असे आकडे असतात. एका कंपनीचे ३०० दुसरीच्या ३०० शी तंतोतंत जुळेलच असे नाही. पण आकडा चढला की रीळ रुंद आणि जड होते, दोरा अधिक मावतो. १०० आणि २०० तळ्यातल्या लहान माशांना पुरतात. कोहो बहुधा सहा ते बारा पौंडांचा. त्याला ३०० उत्तम. ४०० लागते ते मोठ्या नदीत, जड शिशाला आणि चिनूकला, ज्याला तिकडे ‘किंग’ म्हणजे राजाच म्हणतात. अलास्कातल्या केनाई नदीत १९८५ साली गळाला लागलेला राजा ९७ पौंडांवर भरला होता!

“आणि राजाच लागला तर?” दादाने विचारले. त्याच्या डोळ्यांत मला आईने घेतलेला लांब बाह्यांचा सदरा दिसला.

“राजे उन्हाळ्यात येऊन गेले,” विक्रेता म्हणाला. “तरी चुकून आलाच, तर यात ३० पौंड ताकदीचा विणलेला दोरा २०० यार्ड मावतो. ओढीचा चाप सात-आठ पौंडांवर ठेवा. दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शापर्यंत. मासा ओढेल तेव्हा दोरा द्या. रीळ मोठं असल्यानं मासा हाती येत नाही. दोरा वेळेवर दिल्यानं येतो.”

त्याने दादाच्या तळव्यात आधी ४०० ठेवले. अंगठा फिरकीवर पोचवताना दादाचे ओठ आवळले गेले. मग ३०० ठेवले. ते मुठीत खाली बसले आणि अंगठा आपोआप फिरकीवर टेकला. दादा बराच वेळ त्या अंगठ्याकडे पाहत होता. साठी उलटलेल्या माणसाला, अंग आता वाढायचे नाही, हे कोणी तोंडावर सांगितले तर राग येतो. रिळाने ते न बोलता सांगितले, आणि पुष्कळ सौम्यपणे सांगितले.

दोन दिवसांनी आम्ही नदीवर गेलो. कॅस्केड पर्वतावरून उतरलेले हिरवट थंड पाणी, काठावर धुके. दादाने आधी नुसते आमिष टांगून खाली सोडले. ते जमिनीला टेकताच फिरकी थांबेल इतका खुंटा आवळला. मग फेकले. पहिल्या फेकीला थोडा गुंता झाला, तो त्याने न रागावता सोडवला. तासाभराने काठी वाकली. रीळ करकरले, दोरा धावत सुटला, आणि दादाने तो धावू दिला. दहा मिनिटांनी चांदीसारखा कोहो काठाशी आला. पाठीच्या मागच्या टोकाचा छोटा पर शाबूत होता. पैदास केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा हा पर कापून खूण करतात. म्हणजे हा नदीतच जन्मलेला. दादाने त्याला पाण्याबाहेर न काढताच गळ सोडवला, क्षणभर प्रवाहाकडे तोंड करून धरले आणि हात सैल केला.

“दुखतोय का रे अंगठा?” मी विचारले.

“दुखतोय,” तो म्हणाला. “पण पुरतोय.”

परतताना गाडीतून त्याने मुलीला फोन लावला. पुढच्या शनिवारी ती मोकळी आहे का, असेल तर तिच्याही नावाचा परवाना काढू का, असे तो विचारत होता.