डब्यातले पैसे



या वेळी आम्ही नवरा-बायको दोघे मिळून लिहीत आहोत. एकजण सांगतो, दुसरी लिहिते, आणि जिथे एकमत होत नाही तिथे ओळ खोडली जाते. पुढे 'हे' म्हटले की नवरा समजावा आणि 'ही' म्हटले की बायको. घरातही आम्ही एकमेकांविषयी असेच बोलतो.

आमचे घर बोरगावात, दूधगंगेच्या काठच्या गावात. चहूकडे ऊस. 'हे' इचलकरंजीला यंत्रमागावर रात्रपाळी करतात, म्हणजे रोज संध्याकाळी कर्नाटकातून महाराष्ट्रात जातात आणि सकाळी परत येतात. 'ही' घरी शिलाई करते. मुलगी मोठी. मुलगा सहावीत, कन्नड शाळेत. घरात वीजबिल आले की तोच वाचून दाखवतो, आणि त्या दिवशी त्याचा तोरा काही विचारू नका.

संसारातले सुख म्हणाल तर सकाळी सातचा चहा. हे पाळीवरून येतात, केसांत कापसाचा भुगा असतो, मुलांची शाळेची घाई असते, आणि त्या गडबडीत दहा मिनिटे आम्ही दोघे चुलीजवळ बसतो. कटकट म्हणाल तर त्यानंतरचा सगळा दिवस! ह्यांना झोपायचे असते आणि हिला मशीन चालवायची असते. शिवाय मागांच्या खडखडाटात राहून ह्यांना मोठ्याने बोलायची सवय. शेजाऱ्यांना वाटते, भांडण चाललेय. खरे भांडण होते तेव्हा मात्र घरात आवाज नसतो. त्या आवाज नसलेल्या नऊ दिवसांविषयी आज लिहायचे आहे.

मे महिना संपत आला होता. मुलगी दहावी पास झाली होती आणि तिला निपाणीला पीयूसीला घालायचे होते. त्यासाठी हिने वर्षभर शिलाईतले पैसे बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकले होते. नऊ हजार दोनशे झाले होते. एका सकाळी डबा उचलला तर हाताला हलका लागला. आत बावीसशे रुपये होते.

"डब्यातलं पैसं कुठं गेलं?"

"मागावरच्या जोडीदाराची बायको मिरजंला ॲडमिट हाय. पैसं भरायचं हुतं. दिलं सात हजार."

"मला एका शब्दानं इचारायचं हुतं की."

"इचारलं असतं तर दिलं असतंस?"

"ते आता कसं कळणार?"

आमच्या भागात आजारी माणसाला मिरजेला न्यायचे, ही रीत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली तिथे मिशनचा दवाखाना उघडला तेव्हापासूनची. तेव्हा मिरज म्हटल्यावर दुखणे साधे नाही, हे हिलाही कळले. त्या बाईविषयी तिच्या मनात राग नव्हता. पण ह्यांनी वर आणखी एक वाक्य टाकले: "रेव्हरंड टिळकसुद्धा असंच देत हुते की."

"आणि लक्ष्मीबाईंनी काय लिवलंय, ते वाचलासा का?" हिने विचारले, आणि तिथून बोलणे थांबले.

आमच्या घरात 'स्मृतिचित्रे' आहे. १९३४ पासून भागाभागाने छापले गेलेले हे पुस्तक मंडळीतल्या बऱ्याच घरांत असते, पण कपाटात. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली काही वर्षे ताटातुटीत गेली. पुन्हा एकत्र आल्यावरही सगळे गोडगोड झाले नाही. टिळकांचा हात मोकळा, स्वभाव तापट, आणि उद्या चूल कशी पेटवायची याची काळजी बाईंच्या वाट्याला. लक्ष्मीबाईंनी हे सगळे न लपवता, हसत हसत लिहिले आहे, आणि नवऱ्यावरचे प्रेमही लपवलेले नाही. आम्ही उपदेशात टिळकांचे औदार्य ऐकतो. त्या औदार्याचा हिशेब घरात कोण भरत होते, ते सहसा ऐकत नाही.

तर आमचा अबोला सुरू झाला. मुलगा पोस्टमन झाला. "पप्पा, मम्मी म्हणतीया भाकरी झाकून ठेवलीया." "मम्मी, पप्पा म्हणतात शर्टाचं बटण तुटलंय." दोन दिवसांनी त्याने निरोपाला एक रुपया मागितला. सूर्य मावळण्याआधी राग सोडावा, असे पौल इफिसकरांना लिहितो. आमच्याकडे सूर्य मावळायच्या वेळी हे मोटारसायकलवर असायचे, आणि दोघांनाही ती सोयच वाटायची.

कौटुंबिक प्रार्थना मात्र थांबली नाही. खरे सांगायचे तर ती सवय होती, भक्ती नव्हती. संध्याकाळी ह्यांनी निघण्याआधी क्रमाने एक अध्याय वाचायचा, एवढेच. आठव्या दिवशी मुलीने २ शमुवेलाचा चोविसावा अध्याय वाचला. दाविदाला वेदी बांधायची आहे. अरवना यबूसी म्हणतो, महाराज, खळे घ्या, बैल घ्या, लाकडेही घ्या, सगळे फुकट घ्या. दावीद नाही म्हणतो. ज्यासाठी मला काही मोजावे लागले नाही असे अर्पण मी देवाला करणार नाही, असे सांगून तो पन्नास शेकेल रुपे मोजून देतो.

मुलगी वाचून थांबली. एरवी हे दोन शब्द बोलतात. त्या दिवशी काहीच न बोलता गाडीची किल्ली घेऊन निघाले.

पुढचे ह्यांच्याच शब्दांत: "रात्रभर मागावर उभा हुतो. धागा तुटला की जोडायचा, पुन्हा तुटला की पुन्हा जोडायचा. आणि डोक्यात एकच. मी सात हजार दिलं, पण माझ्या खिशातनं काय गेलं? माझा एक चहासुद्धा कमी झाला न्हाई. दान हिच्या शिलाईचं आणि नाव माझं. जोडीदारानं हात जोडलं तवा मला लई बरं वाटलं हुतं. ते बरं वाटणंच मी घरी आणलं हुतं, आणि हिनं त्याला आरती ओवाळावी असं मला वाटत हुतं."

दुसऱ्या दिवशी रविवार होता, प्रभुभोजनाचा. हिच्याकडे मेज मांडायचे काम आणि ह्यांच्याकडे दानाची थैली फिरवायचे. अर्पण वेदीजवळ असताना कुणाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा, असे प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातले हे वचन आम्ही संडे स्कूलच्या मुलांकडून पाठ करून घेतो! त्या सकाळी हे पाळीवरून आले, अंघोळही न करता चुलीजवळ बसले आणि म्हणाले, "माझं चुकलं. पैसं तुझं हुतं. देणारी तू पायजे हुतीस."

हिने चहा गाळला. मग तीही म्हणाली, "इचारलं असतासा तर मी न्हाई म्हटलं असतं, असं वाटतंय. पोरीच्या फीपुढं मला ती बाई दिसली नसती. माझंही सगळं बरोबर न्हाई." आणि आणखी एक गोष्ट तिने कबूल केली. तिसऱ्या दिवशीच तिचा राग गेला होता. पण यांची चूक हातात धरून ठेवण्यात एक गोडी होती, म्हणून तिने ती सोडली नव्हती.

पैसे काही आकाशातून पडले नाहीत. मुलीची फी महिला संघातून कर्ज काढून भरली. जोडीदाराचे पैसे अजून आलेले नाहीत आणि आम्ही मागितलेलेही नाहीत. संघाचा हप्ता हे भरतात, जादा पाळ्या करून. कधी थकवा आला की चिडचिड होते, आणि मग जुना विषय पुन्हा निघतो. क्षमा एकदाच मागून भागते असे लग्नात होत नाही.

पण एक गोष्ट झाली. दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे मिरजेला गेलो. हिने भाकरी आणि मुगाची पातळ आमटी नेली. ह्यांनी जोडीदाराला सांगितले, "ते पैसं हिचं हुतं, शिलाईचं. मी नुस्तं आणून दिलं." ती आजारी बाई हिचा हात धरून बराच वेळ बसली. दोघी काय बोलल्या ते ह्यांना अजून माहीत नाही. परतताना गाडीवर ही म्हणाली, "आता मी दिलं."

घेऊन गेल्यावर मागून दिलेली संमतीही देव स्वीकारतो का? आम्हाला वाटते, स्वीकारतो. पण तिची वाट पाहायला लावू नये. आता डबा दोघांसमोरच उघडतो. शेजारी दुसरा लहान डबा आहे, फक्त देण्यासाठी. त्यात दोघेही टाकतात, आणि मुलगाही टाकतो. निरोपाचे जमलेले चार रुपये त्याने पहिल्याच दिवशी टाकले.

प्रिय वाचकहो, या रविवारी दानाची थैली तुमच्यापुढे येईल तेव्हा शेजारी किंवा पलीकडच्या बाकावर बसलेल्या आपल्या माणसाकडे एकदा पाहा. आपल्या हातातले अर्पण दोघांचे आहे का, हे तिथे कळते.

हे प्रभू, आमच्या हातांना दे देण्याची इच्छा, आणि देण्याआधी विचारण्याची नम्रता. आमच्या चुलीजवळ तूही बस. आमेन.