जुना चार्जर

काळाचौकीच्या आमच्या दोन खोल्यांत चार्जरवरून रोज भांडणं व्हायची. घरातले सगळे फोन टाईप-सीचे झाले, तेव्हा दोन्ही टोकांना टाईप-सी असलेली वायर आणि नवा चार्जर आणला. वाटलं, भांडण मिटलं.

तरी जुना, रुंद तोंडाच्या यूएसबीचा चार्जर रात्री जागेवर नसायचा. माझा भाचा रत्नागिरीहून कॉलेजसाठी आमच्याकडे राहतो. त्याला विचारलं, तर म्हणाला, "मामू, माझे इअरफोन नव्यावर चार्ज होत नाहीत."

मला पटलं, कारण स्वस्त वस्तूंत असं होतं. टाईप-सी चार्जर आधी समोरच्या वस्तूच्या खुणेची वाट बघतो. खूण देणारे दोन इवलेसे रेझिस्टर बनवणाऱ्याने पैसे वाचवायला गाळले असतील, तर तो वीज सोडत नाही. जुना चार्जर काही विचारत नाही. लावला की देतो.

एके दिवशी फजरला उठलो, तर भाच्याच्या उशाशी त्या जुन्या चार्जरला हायलायटरसारखं काहीतरी लावलेलं होतं. उचललं, तर आंब्याचा वास. वेप होतं.

मीच पालकसभेत सांगत आलोय की 2019च्या कायद्याने देशात ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठवणूक सगळ्यावर बंदी आहे. विक्रीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि ती वस्तू माझ्याच घरात, माझ्याच विजेवर भरत होती.

'वापरा आणि फेका' म्हणून विकलेल्या वस्तूला चार्जिंग कशाला, हे मागाहून कळलं. आतला रस लहानशा बॅटरीपेक्षा जास्त दिवस पुरतो. म्हणून तिला रोज घरचं सॉकेट लागतं.

अब्बा गिरणीत होते, बिडी ओढायचे. सदऱ्याला वास, खिशात माचिस. अम्मीला दारातच कळायचं. या वस्तूला ना माचिस लागते, ना राख पडते. वास फळाचा आणि चार्जर घरातलाच.

भाचा म्हणाला, "मामू, सिगारेट नाहीये. नुसती वाफ."

"निकोटिन तेच आहे," मी म्हणालो. "सोडून बघ आठ दिवस, मग सांग नुसती वाफ आहे का."

तो तिसऱ्याच दिवशी चिडचिडा झाला. त्याचं त्यालाच कळलं. मग हळूच विचारलं, "अम्मीला सांगणार?"

"मी नाही. तू सांगशील."

जुम्म्याला त्याने गॅलरीत उभं राहून फोन लावला. बराच वेळ तो नुसता ऐकत होता. मग फोन माझ्या हातात दिला. आपा रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तुझ्या घरात होता ना रे तो?"

शाळेत मी दप्तरं तपासतो, पालकांना बोलावून घेतो. आपाला मात्र काय उत्तर द्यावं, ते सुचलं नाही. चार्जर कशाला हवा, हे मी एकदाच विचारलं होतं, आणि मिळालेलं उत्तर मला सोयीचं होतं.