हरकती आणि सूचना

शहर घडवताना लोकसहभाग हवा, असे आम्ही मास्तर मंडळी वर्गात सहज बोलून जातो. राज्याच्या १९६६ च्या नगररचना अधिनियमातही विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवण्याची तरतूद आहे. पण नकाशा आखून झाल्यावर! साहित्य संमेलन म्हणजे तर तीन दिवसांची साहित्यनगरी, आणि तीही आखणारे हात मोजकेच. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या संमेलनातून नयनतारा सहगल यांचे उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतले गेले, तेव्हा वाचकांच्या हाती उरली ती केवळ हरकत. कुणी बहिष्कार घातला; अध्यक्षा अरुणा ढेरे यांनी भाषणातून नापसंती नोंदवली. उद्घाटन केले वैशाली येडे यांनी, याच जिल्ह्यातल्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने. मांडव त्या घटकेला यवतमाळचा झाला, असे आम्हांला आजही वाटते. मात्र ही निवड ऐनवेळची, सहगल येणार नाहीत हे ठरल्यानंतरची.