घुर्रर्र.. टक्!

गेले दोन वीकेंड एका आवाजाने खाल्ले. फ्रिजच्या मागून आधी "घुर्रर्र", मग सात-आठ सेकंदांनी "टक्", आणि मग शांतता. तीन-चार मिनिटांनी पुन्हा तेच.

तसं फ्रिज बंद पडणं म्हणजे काही आभाळ कोसळणं नव्हे. दूध नासतं, कोथिंबीर मान टाकते. पण आमच्या फ्रिजमध्ये बाबांचं इन्सुलिन असतं. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांतच ठेवावी लागते, आणि मे महिन्यात नेरुळमधलं आमचं स्वयंपाकघर म्हणजे भट्टीच. बाटल्या शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये गेल्या आणि बाबा संध्याकाळी तिकडे जाताना उगाचच ओशाळायला लागले. ते मला बघवेना.

पहिल्या शनिवारी मेकॅनिक आला. त्याने रिले बदलला, फ्रिज सुरू झाला, पैसे घेऊन तो गेला. आठव्या दिवशी पुन्हा "टक्"! मी फोन करून त्याला नको ते बोललो. जुना पार्ट टाकलात, फसवलंत वगैरे. तो म्हणाला, "साहेब, पाकीट तुमच्यासमोर फोडलं होतं. आता रिले नाही तर कॉम्प्रेसर असेल." झालं! हा आता कॉम्प्रेसर गळ्यात मारणार, असं म्हणून मी फोन ठेवला आणि कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लॅमिंग्टन रोडवरून आणलेला मल्टिमीटर माळ्यावरून खाली काढला.

थोडं वाचल्यावर पहिली गोष्ट कळली. "फ्रिज थंड होत नाही" ही तक्रार म्हणजे क्लायंटच्या "सिस्टिम चालत नाही"सारखी. तिच्यात दोन वेगळे रोग असतात. कॉम्प्रेसर तासन्‌तास चालतोय पण गारवा नाही, तर गॅस गळाला असू शकतो. कॉम्प्रेसर सुरूच होत नसेल तर भांडण विजेचं आहे, गॅस भरून काही उपयोग नाही. आमचं दुसरं होतं. हे बरंच झालं, कारण गॅसच्या वाटेला मी जाणार नव्हतो. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो पेट घेतो. ते काम शिकलेल्या माणसाचं.

मग प्लग काढून मागचं झाकण उघडलं. कॉम्प्रेसरला तीन पिना असतात. कॉमन, रन आणि स्टार्ट. रिले आणि ओव्हरलोड बाजूला करून ओहम मोजले. कॉमन-रन १४, कॉमन-स्टार्ट १९, रन-स्टार्ट ३३. पहिल्या दोघांची बेरीज तिसऱ्याइतकी आली म्हणजे वाइंडिंग ठीक. पिना आणि बॉडी यांच्यात काहीच नाही, म्हणजे शॉर्टही नाही. रिले हलवून पाहिला, आत तुकडे खुळखुळत नव्हते. सगळं व्यवस्थित! सॉकेटला व्होल्टेज २२८. तेही व्यवस्थित. आमच्या ऑफिसात अशा वेळी "माझ्या मशीनवर तर चालतंय" असं म्हणून घरी जातात.

रात्री अंथरुणात पडल्यावर ट्यूब पेटली. २२८ मी मोजले ते फ्रिज काढलेला असताना! मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. खरी परीक्षा तेव्हाच.

सकाळी फ्रिज लावून एक्स्टेन्शन बोर्डाच्या शेजारच्या सॉकेटमध्ये मीटरच्या पिना धरल्या (एक हात खिशात!). घुर्रर्र.. आकडा धाडकन १६५वर. टक्.. पुन्हा २२८. मग भिंतीवरच्या सॉकेटला मोजलं, तर घुर्रर्र चालू असतानाही २२४. म्हणजे चोर या दोघांच्या मध्ये, बोर्डातच होता.

अशा मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २२८चे १६५ झाले की जोर जवळपास निम्मा. मोटर फिरत नाही, नुसती तापते, आणि ती जळू नये म्हणून ओव्हरलोड "टक्" करून तिला तोडतो. थंड झाला की पुन्हा जोडतो. म्हणजे ज्या आवाजाला मी पंधरा दिवस शिव्या घालत होतो तोच कॉम्प्रेसरला वाचवत होता. हे वर्गाचं सूत्र इंजिनीयरिंगला पाठ करून मी मार्कही मिळवले होते!

बोर्ड उघडला. न्यूट्रलची वायर स्क्रूखाली सैल, अर्ध्या तारा बाहेर, त्यांवर हिरवट थर, शेजारचं प्लॅस्टिक काळं पडून वितळलेलं. आणि हा बोर्ड बनवला कोणी? मीच. दिवाळीत रंग काढताना फ्रिज दुसऱ्या भिंतीला सरकवला, वायर पोचेना, म्हणून मोठ्या ऐटीत घरीच बनवला होता. इलेक्ट्रिशियनचे पैसे वाचवले म्हणून आईकडून शाबासकीही घेतली होती.

बोर्ड कचऱ्यात गेला. फ्रिज परत जुन्या जागी, भिंतीच्या सॉकेटला. घुर्रर्र.. आणि पुढे टक् आलंच नाही. संध्याकाळपर्यंत गारवा धरला, बाटल्या घरी आल्या.

फोन करायला मात्र आणखी एक दिवस लागला. प्रॉडक्शनमधला बग स्वतःचाच निघाला तर मेल पाठवायला लागतो तसाच. मेकॅनिकने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, बोर्ड मीपण बघायला पाहिजे होता. घाईत होतो." ज्याला मी चोर म्हटलं तो अर्धी चूक स्वतःकडे घेत होता. पुढच्या महिन्यात एसीच्या सर्व्हिसिंगला त्यालाच बोलावलंय. तो काम करताना शेजारी उभा राहून बघणार आहे, लक्ष ठेवायला नाही, शिकायला.

असो. तुमचा फ्रिज एक्स्टेन्शन बोर्डावर असेल तर आज प्लग जरा हाताळून बघा. गरम लागला किंवा काळा पडलेला दिसला, तर मेकॅनिकला शिव्या घालायच्या आधी बोर्ड बदला.