वर्ध्याहून निळ्या जर्सीमागे

वर्धा म्हटले की बाहेरच्या माणसाला सेवाग्रामचा आश्रम आठवतो, पवनारची धाम नदी आठवते, फार तर गोरसपाक. फुटबॉल कोणालाच आठवत नाही, आणि त्यात नवल नाही. फुटबॉलचे वेड बघायचे तर नागपूर ओलांडून कामठीला जावे लागते. रब्बानी क्लबचे नाव तिथे लहान पोरांच्याही तोंडी असते. आमच्याकडे मोकळे मैदान दिसले की स्टंप ठोकले जातात.

पण वर्ध्याकडे रूळ आहेत. मुंबई-हावडा मार्ग वर्धा जंक्शनवरून जातो आणि दिल्ली-चेन्नई मार्ग सेवाग्राम स्थानकावरून. देशाच्या चारही दिशांना इथून गाडी मिळते. या रुळांच्या भरवशावर आमच्या घरातले तिघे, म्हणजे अब्बा आणि आम्ही दोघे भाऊ, भारतीय फुटबॉल संघामागे फिरलो.

हे वेड अब्बांचे. त्यांचे आजोळ कामठीचे. लहानपणी आम्ही परीकथांऐवजी हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम साहेबांच्या गोष्टी ऐकल्या. रहीम साहेबांच्या हाताखाली भारताने १९५१ मध्ये दिल्लीत आशियाई सुवर्ण जिंकले, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला आणि १९६२ मध्ये जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून पुन्हा सुवर्ण आणले. तेव्हा त्यांना कर्करोगाने ग्रासले होते; पुढच्याच वर्षी ते गेले. ‘मैदान’ हा चित्रपट २०२४ च्या रमजान ईदला आला, तेव्हा आमच्या घरात तो आधीच पाठ होता.

पहिला प्रवास २०१७ चा. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात होता. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यभर शाळाशाळांतून फुटबॉल खेळवला गेला आणि पहिल्यांदाच आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी क्रिकेटच्या मैदानावर मोठा चेंडू लाथाडला. आम्ही सेवाग्रामहून गाडी पकडून दिल्ली गाठली. ९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध सामना होता. भारतीय संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, त्यामुळे मराठीत ओरडायचा आम्हाला हक्कच मिळाला. ८२ व्या मिनिटाला कॉर्नरवरून जॅक्सन सिंगने डोक्याने गोल केला. फिफाच्या स्पर्धेतला भारताचा तो पहिला गोल. अब्बा शेजारच्या अनोळखी सरदारजींच्या गळ्यात पडले. मिठी सुटते न सुटते तोच कोलंबियाने दुसरा गोल केला आणि सामना २-१ ने गेला. परतीच्या गाडीत आम्ही हरलेल्या सामन्याबद्दल बोललोच नाही. पुऱ्या रस्ताभर तो एक गोल.

दुसरा प्रवास २०१८ चा, रमजानचा. मुंबईत अंधेरीला चार देशांची इंटरकॉन्टिनेंटल कप स्पर्धा होती. आमचे रेल्वेचे आरक्षण आधीच झाले होते. १ जूनला भारताने चायनीज तैपेईला ५-० ने हरवले, कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले. बघायला माणसे होती २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने मोबाईलवर एक व्हिडिओ टाकला. टीका करा, शिव्या द्या, पण मैदानावर या, अशी त्याची हात जोडून विनंती होती. आम्ही त्याच रात्री तिकिटे काढली म्हणून मिळाली, कारण ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटे बघता बघता संपली.

सेवाग्राम एक्स्प्रेसने दादर, तिथून लोकलने अंधेरी. सफरात रोजा सोडण्याची सवलत आहे. अब्बांनी ती घेतली नाही. संध्याकाळी पाऊस कोसळू लागला. बाटल्या आत नेता येत नाहीत, म्हणून इफ्तार मैदानाबाहेरच्या फूटपाथवरच करायची ठरली. घरून आणलेले खजूर आणि गोरसपाक काढले. शेजारी निळ्या टी-शर्टातली कॉलेजची पोरे उभी होती. त्यांनी आपल्या दोन छत्र्या आमच्यावर धरल्या आणि दर मिनिटाला विचारत राहिली, “काका, झाला का टाइम?” अजान झाली तेव्हा खजूर त्यांनीही घेतला. मगरिबची नमाज जवळच्या मशिदीत पढून आम्ही आत गेलो. मैदान खच्चून भरले होते. छेत्रीचा तो शंभरावा सामना. पाण्यात चेंडू अडकत होता, पहिल्या अर्ध्यात गोल झाला नाही, नंतर तीन झाले. त्यातले दोन छेत्रीचे. आम्ही नखशिखान्त भिजलो होतो. अब्बांना पुढे चार दिवस खोकला होता आणि त्याची त्यांना पर्वा नव्हती.

२०१९ चा आशिया चषक संयुक्त अरब अमिरातीत झाला. तिथे जाणे आम्हाला परवडणारे नव्हते, पण अबुधाबीत नोकरीला असलेला आमचा आतेभाऊ मैदानावर होता. ६ जानेवारीला भारताने थायलंडला ४-१ ने हरवले. आशिया चषकातला १९६४ नंतरचा हा पहिलाच विजय. आतेभावाने फोन लावला, पण गोंगाटात काहीच ऐकू आले नाही. आम्ही नुसते हसत राहिलो. पुढे यजमानांकडून हार झाली आणि शारजात बहारीनने ९१ व्या मिनिटाच्या पेनल्टीवर आपल्याला स्पर्धेबाहेर काढले. त्या रात्री अम्मीने वाढलेले ताट तसेच राहिले. “इतका जीव कशाला लावता?” ती म्हणाली. उत्तर कोणाकडेच नव्हते.

२०२४ च्या सुरुवातीला कतारमध्ये तिन्ही सामने हरलो, एकही गोल झाला नाही. तरी ६ जूनला आम्ही गीतांजलीने कोलकात्याला गेलो, कारण कुवेतविरुद्धचा तो छेत्रीचा निरोपाचा सामना होता. सॉल्ट लेकच्या त्या प्रचंड मैदानावर जवळपास ५९ हजार माणसे होती. गोल झाला नाही, ०-० बरोबरी. छेत्री मैदानाला फेरी मारताना रडत होता आणि अब्बा रुमाल शोधत होते. पुढच्या वर्षी तो पुन्हा संघात परतला, तेव्हा आम्ही अब्बांना त्या रुमालावरून खूप चिडवले.

आता मुद्द्याचे. २०२७ चा आशिया चषक सौदी अरबमध्ये आहे. आमच्या घरात ठरले होते की अब्बा-अम्मीला उमऱ्याला न्यायचे आणि त्याच सफरीत भारताचा एक तरी सामना बघायचा. त्यासाठी दर महिन्याला पैसे बाजूला पडत होते. १४ ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, सिंगापूरने आपल्याला २-१ ने हरवले आणि ती वाट बंद झाली. अब्बा बराच वेळ टीव्हीसमोर बसून होते. त्यांचे वय बघता पुढच्या आशिया चषकाची गोष्ट कोणी काढली नाही. शेवटी तेच म्हणाले, “उमऱ्याची नियत टीमवर केली नव्हती. पैसे साठवणे चालू ठेवा.”

कोणी विचारते, हरणाऱ्या संघामागे फिरून काय मिळाले? आम्हाला देश बघायला मिळाला. दिल्लीचे सरदारजी, अंधेरीची छत्री धरणारी पोरे, कोलकात्यात आपल्या डब्यातला भात अब्बांपुढे सरकवणारी म्हातारी. वर्ध्यात बसून ही माणसे भेटली नसती.

आपल्यालाही मुलाबाळांसह जायचे असेल तर भारताचा सामना जरूर बघा. तिकीट आधीच काढा, सामान कमी ठेवा, वयस्कर माणसांना दोन तास आधी पोहोचवा आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची घ्या. मुलींनाही न्या. कोलकात्याला आम्ही धाकट्या पुतणीला नेले होते; ती आता शाळेच्या मैदानावर गोलकीपर म्हणून उभी राहते. तिला बघायला अब्बा रोज संध्याकाळी असरनंतर खुर्ची घेऊन जातात. तिथे तिकीट लागत नाही.