पाटी उतरवता येते, स्क्रीनशॉट नाही

पुणेरी पाटी कितीही खवचट असली तरी तिला एक शिस्त असते. ती स्वतःच्याच दारावर लागते. टोचली तर बेल वाजवून मालकाशी भांडता येतं. मालकाला वाटलं की जरा जास्तच झालं, तर तो पाटी उतरवतो. विषय संपला.

सोशल मीडियावर हे शेवटचं वाक्य राहिलेलं नाही.

मे २०२५ मधली गोष्ट आठवते? पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारी, जम्मू-काश्मीरची १९ वर्षांची मुलगी. ऑपरेशन सिंदूरच्या दिवशी, ७ मे रोजी, तिने सरकारवर टीका करणारी दुसऱ्या कुणाची तरी पोस्ट इन्स्टाग्रामवर शेअर केली. धमक्या सुरू झाल्या. तिने दोनेक तासांत पोस्ट काढली, माफी मागितली. म्हणजे पाटी उतरवली. पण तोवर स्क्रीनशॉट गावभर झाला होता. कॉलेजने तिला काढून टाकलं. ९ मे रोजी अटक झाली, मग येरवडा तुरुंग. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सरकार आणि कॉलेज दोघांनाही खडे बोल सुनावले, कॉलेजच्या कारवाईला स्थगिती दिली आणि तिला जामिनावर सोडलं. तोवर तिची परीक्षा सुरू झाली होती.

आता माझं सांगतो. तो स्क्रीनशॉट आमच्याही ग्रुपवर आला होता. खाली कुणीतरी विचारलं होतं, 'कुठल्या कॉलेजची?' मी तो आणखी दोन ग्रुपवर ढकलला. वर एवढंच लिहिलं, 'काय ही आजकालची मुलं!' अंगठे आले, झेंडे आले. बरं वाटलं.

मूळ पोस्ट अजून आहे का, हे मी पाहिलं नाही. पत्रकारितेच्या पदविकेत पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, दुसरी बाजू घेतल्याशिवाय बातमी देऊ नका. वीस वर्षं लोकांना हे सांगतोय. आणि मोबाइल हातात आल्यावर अर्ध्या मिनिटात विसरलो.

त्या पोस्टशी मी आजही सहमत नाही. पण मुद्दा तो नाहीच. मी ती पुढे ढकलली, कारण मला ग्रुपमध्ये देशभक्त दिसायचं होतं. गप्प राहिलो तर लोक काय म्हणतील, ही भीती होती. चौकात स्वतःचा फ्लेक्स लावणाऱ्यांना मी नेहमी हसतो. हा माझाच फ्लेक्स होता, फक्त खांब म्हणून एक पोरगी वापरली.

एक गोष्ट अजून सलते. तिच्या पोस्टचा स्क्रीनशॉट माझ्याकडे पाच ठिकाणांहून आला. तिच्या माफीचा एकाही ठिकाणाहून नाही. मीही पाठवला नाही.

'गुड मॉर्निंग' आणि हात जोडलेले इमोजी म्हणजे सभ्यता नव्हे. ज्याने शब्द मागे घेतला, त्याला तो घेऊ देणं ही सभ्यता. म्हणून स्वतःपुरता नियम केलाय. पुढे ढकलण्याआधी मूळ पोस्ट उघडून बघायची. ती काढलेली असेल तर आपणही हात काढायचा. आणि आधीच ढकलली असेल, तर त्याच ग्रुपवर माफीही ढकलायची.

ती मी काल दोन्ही ग्रुपवर टाकली. फार उशिरा. अंगठा एकही आला नाही.